इंजिनाच्या गळ्यात दावं

आमच्या भागात बैल परत करायला भांडावं लागत नसे.

जत्रेत घेतलेला बैल पहिल्याच नांगरटीला चिखलात बसला, किंवा मानेवर जू येताच मागे सरकायला लागला, तर घेणारा तो बैल हाकत विकणाऱ्याच्या गावी न्यायचा. त्याच्या अंगणातल्या खांबाला बांधायचा, पुढ्यात घरून आणलेलं गवत टाकायचा आणि तोंडातून एक शब्द न काढता बाजूला जाऊन बसायचा. एवढंच. पुढचं काम रस्ता करायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण घरमालकाला हटकायचा, "काय रं, कुणाचा बैल? काय खोड हाय त्याला?" दावं सोडायचं ते विकणाऱ्यानेच, स्वतःच्या हाताने. शेजाऱ्याने नाही, गड्याने नाही. ज्याने दावं सोडलं त्याने खोड कबूल केली असं सगळे धरत. मग कोणीतरी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचं आणि तंटा तिथेच मिटायचा.

माझ्या सोनूकाकीने ही रीत एका डिझेल इंजिनाला लावली, आणि तीही मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या दारात. ते दावं अजून आमच्या गिरणीत खुंटीला आहे. कुणाचा रेडिओ घेतल्या घेतल्या मुका झाला, कुणाचा पंप दुकानदार परत घेत नसला, की पार खालापूरकडची माणसं येऊन म्हणतात, "काकी, तुमचं दावं द्या ना जरा." काकी देत नाही. "आपलं आपण वळा," म्हणते. "वळायला बसलात की राग टिकतो."

मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालो, त्यामुळे इंजिनाचं मला नीट सांगता येईल. बाकीचं काकीकडून, बाबांकडून आणि शेजारच्या अंबाबाईकडून ऐकलेलं. हे घडलं तेव्हा, एकाहत्तर साली, मी पाळण्यात होतो.

आमची वाडी पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. काकीचं माहेर खालापूरकडचं. तिथे भात भरडायची गिरणी आधीच आली होती. त्यामुळे लग्नाआधी काकीने मुसळ धरलं ते दुसऱ्यांच्या हळदी कांडायला, गाणी म्हणत, हौसेने. इथे सासरी आली आणि तिला कळलं की इथे तीच हौस रोज पहाटे करायची असते. भात उखळात घालायचं, कांडायचं, सुपात पाखडायचं, पुन्हा उखळात घालायचं. अंगात ताप असो, पोटात पोर असो, कांडप चुकत नसे. अंबाबाई तर बाळंत झाली त्या सकाळीही कांडत होती, आणि हे ती मिरवून सांगायची.

"त्यात कसला मोठेपणा गं?" काकी तिला म्हणायची. "उखळ काय येऊन तुझ्या पोराचं नाव ठेवणार होतं?"

"तू खालापूरची. तुझे हात लोण्याचे," अंबाबाई म्हणायची.

हे लोण्याचे हात काकीच्या मनाला लागले असावेत. पण तिने हात राठ करून दाखवायच्या ऐवजी मुसळच घालवायचं ठरवलं. मालोजीकाकांच्या मागे तिने वर्षभर धोसरा लावला. काका शांत माणूस, ते फक्त मान हलवायचे. शेवटी म्हशाच्या जत्रेत जोडीतला एक बैल विकला गेला, काकीच्या माहेरहून थोडी मदत आली आणि वाडीत इंजिन यायचं ठरलं. एक बैल उरला होता. तो शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपायचा, असं झालं.

इंजिन 'जयध्वज' छापाचं. कंपनीने कर्जतच्या बाजारपेठेत नवाकोरा डेपो उघडला होता, काचेच्या दारांचा. डेपोचे मॅनेजर टिपणीस म्हणून होते, मुंबईहून आलेले, गोरेपान, बोलायला गोड. जीपला कर्णा लावून ते वाड्यावाड्यांतून फिरले. आमच्या शाळेच्या पटांगणात त्यांनी इंजिन चालू करून दाखवलं, चालत्या इंजिनावर रुपया उभा करून दाखवला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि काकीला म्हणाले, "बाई, वर्षभरात काही झालं तर फक्त एक पोस्टकार्ड टाका. कंपनी तुमच्या दारात."

कंपनी तुमच्या दारात. काकीने हे वाक्य गाठीशी बांधून ठेवलं.

इंजिन आलं त्या दिवशी वाडीने त्याची पूजा केली. आता पूजा म्हणजे शेंदूर कुठेतरी लावायचा. बैलाला कपाळ असतं, नांगराला फाळ असतो. या लोखंडी धुडाला कपाळ कुठलं? पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, पितळेची एक चकचकीत पट्टी होती. तिच्यावर काही बारीक अक्षरं आणि आकडे होते. काकीने तेलात कालवलेला शेंदूर तिथेच फासला. मग दर अमावस्येला नारळ आणि त्यावर शेंदराचं नवं बोट. वाडीत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला विचाराल तर मलाही वाटलं नसतं.

इंजिन चालू झालं आणि वाडीतली मुसळं माळ्यावर गेली. बायका भाताच्या पाट्या घेऊन गिरणीत यायच्या आणि तूस उडताना बघत निवांत गप्पा मारायच्या. माझे वडील नवशा, म्हणजे काकीचे धाकटे दीर, इंजिन सांभाळायचे. अंबाबाई सुरुवातीला फिरकली नाही. मग एके दिवशी आली, तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "रॉकेलचा वास मारतोय." पण पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

दसरा झाला. इंजिनाला झेंडू आणि आंब्याची पानं लागली, शेंदराचा आणखी एक थर चढला. हळवं भात कापायला आलं होतं. आणि एका दुपारी, पाटी यंत्रात रिकामी होत असताना, इंजिनाच्या पोटात कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. पट्टा उडाला. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, एका अंगाला कललं आणि सगळं गप्प झालं.

क्रँकशाफ्ट, ते चाक फिरवणारा आतला दांडा, तुटला होता. त्याचा तुटका भाग मी नंतर कितीतरी वेळा हातात घेऊन पाहिला आहे. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, जुना. अर्धा लख्ख, ताजा. याचा अर्थ साधा आहे: चीर आधीपासूनच होती, इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हापासून. चालवणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

काकी घाबरली नाही. वर्ष व्हायचं होतं. तिने शाळेच्या गुरुजींकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं आणि वाट बघत बसली. कंपनी दारात येणार होती.

आलं ते इंग्रजीतलं छापील पत्र. गुरुजींनी वाचून सांगितलं. तक्रारीची नोंद व्हायला इंजिनाचा नंबर हवा. नंबर पितळी पट्टीवर आहे. पट्टीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे उमटतात. तो कागद पाठवायचा.

सगळे इंजिनाकडे बघायला लागले. पट्टीच्या जागी शेंदराचं टेंगूळ होतं.

"आता गं वहिनी?" बाबा म्हणाले.

"खरवड. देवाला सांगते मी, रागावणार नाय."

बाबांनी आधी नखाने खरवडलं, मग रॉकेलने पुसलं. शेंदूर दगडासारखा झाला होता. तेव्हा त्यांनी कानस आणली आणि जोर लावला. शेंदूर निघाला. पट्टी आरशासारखी लख्ख झाली. आकडेही निघाले. कागद ठेवून पेन्सिल घासली तर नुसता काळा चौकोन उमटला.

तोच चौकोन पाठवला, दुसरं काय करणार. उत्तर आलं की पट्टीशी छेडछाड झालेली आहे, सबब गॅरंटी रद्द समजावी.

काकी कर्जतला डेपोत गेली. टिपणीसांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, मी फक्त विकतो. दुरुस्तीचा विभाग वेगळा, तो मुंबईला."

"पण शब्द तुमी दिला होता."

"मी कंपनीच्या वतीने दिला होता."

"मंग कंपनी कुठं बसते?"

टिपणीसांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. काकी बाबांना घेऊन मुंबईला गेली. तिथे संगमरवरी जिना होता, पंखे होते आणि ओळीने खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीचा माणूस जेवायला गेला होता, आणि तो आल्यावर त्याने पुन्हा पहिल्या खिडकीकडे बोट दाखवलं. शेवटी एका चष्मेवाल्याने मान वर केली.

"नंबर?"

"नंबर पुसला गेला, साहेब. इंजिन हाय."

"नंबर नसेल तर नोंद नाही. नोंद नसेल तर आमच्या लेखी ते इंजिनच नाही."

"मंग आमचं भात इतके दिवस कोण भरडत होतं?"

चष्मेवाल्याने पुढच्या माणसाला हाक मारली. बाबा सांगतात, त्या दिवशी त्यांना रडू आलं होतं. काकी जिन्यावरून उतरताना कठड्यावर बोट फिरवून बघत होती. "चांगला दगड हाय रं," म्हणाली. "कितीजणांची इंजिनं विकून घातला असंल?"

आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मला आयटीआयच्या पहिल्या वर्षी कळली आणि मी वर्कशॉपमध्ये हातातला पाना खाली ठेवून बसलो. इंजिनाचा नंबर फक्त पट्टीवर नसतो. पट्टी पडू शकते, झिजू शकते, हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून तोच नंबर इंजिनाच्या अंगावरही ठोकलेला असतो, कुठे ते त्या कंपनीतल्या माणसांना माहीत असतं. टिपणीसांना ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मुंबईच्या त्या इमारतीत मात्र कुणालाही ते एका वाक्यात सांगता आलं असतं. "बाई, फ्लायव्हीलच्या मागे बघा." एवढंच.

मुंबईहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे काकीला ठोका ऐकू आला. आधी एका घरातून, मग दुसऱ्या. मुसळं माळ्यावरून खाली आली होती. नवं भात घरात येऊन पडलं होतं आणि माणसांना खायला तांदूळ हवे होते. त्यात कुणाचा काय दोष? काकी दारात उभी राहून ऐकत होती तेव्हा कुंपणापलीकडून अंबाबाई म्हणाली, "ये गं सोनू. तुझं मुसळबी मी जपून ठेवलंय."

काकी आत गेली, अंबाडीचे धागे घेतले आणि उंबऱ्यात बसून दावं वळायला लागली.

मालोजीकाका बघत होते. "बैल एकच हाय," ते म्हणाले. "त्याला दावं हाय."

"हे बैलाला नाय."

तिने आधी विठू दलालाला बोलावलं. विठू सगळ्या जत्रांतून बैलांचे सौदे करायचा आणि परतीच्या तंट्यात त्याचा शब्द चालायचा. तो आला, इंजिनाभोवती फिरला, वाकून खाली बघितलं.

"खुरं नायत याला, सोनूवहिनी."

"नसूं देत. इकलंय ना त्यांनी?"

"इकलंय."

"खोड सांगून इकलं का?"

"ती कोण सांगतो?"

"कामाला लावल्यावर बसलं की नाय?"

विठूने डोकं खाजवलं. "बसलं तर चांगलंच. पण याला गवत काय टाकणार?"

"तुला काय करायचंय? ते खाईल नायतर ठेवील."

विठू हसत सुटला. हसता हसता थांबला आणि म्हणाला, "बाजाराच्या दिवशी न्या. मी येतो. गुळाचं माझ्याकडं लागलं."

बांबूंवर लोळवत, पहारी लावत, अर्ध्या वाडीने इंजिन बैलगाडीवर चढवलं. बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी कर्जतच्या पेठेत शिरली आणि डेपोच्या काचेच्या दारासमोर उभी राहिली. इंजिन पायरीपाशी उतरवलं गेलं. काकीने त्याच्या मानेत, म्हणजे फ्लायव्हीलच्या आसात, दावं घातलं आणि दुसरं टोक डेपोच्या लोखंडी खांबाला बांधलं. घरून आणलेली हिरव्या गवताची पेंढी सोडून पुढ्यात पसरली. मग समोरच्या मडकीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तोंड मिटलं.

पेठेला समजायला वेळ लागला नाही. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी थांबली. तिने दावं बघितलं, गवत बघितलं, डेपोचा फलक बघितला. मग काच ठोठावून आत विचारलं, "काय रं बाबा, काय खोड हाय याला?"

टिपणीस बाहेर आले. "काय आहे हे? कोणी ठेवलं इथे?"

"ठेवलं नाय, बांधलंय," म्हातारी म्हणाली. "बसतो का तुमचा बैल?"

"आजी, हे इंजिन आहे."

"ते दिसतंय. बसतं का?"

लोक जमले. कुणी म्हणालं मारकं असेल. कुणी म्हणालं, नाही, दम लागतो त्याला, बघा ना जीभ बाहेर आलीय, आणि सुटलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. पण हसणं ओसरल्यावर विचारायचे सगळे तेच. आत इंजिनं बघायला आलेले शेतकरी होते, सुगीचे दिवस होते. तेही बाहेर आले. त्यांनी काकीकडे बघितलं. काकी गप्प. त्यांनी विठूकडे बघितलं. विठूने नुसती मान डोलावली. कोंडाण्याकडचा एक जण सरळ टिपणीसांना म्हणाला, "साहेब, आधी याचं मिटवा. मंग आमचं बघू." तो गेला आणि त्याच्यामागे बाकीचेही गेले.

टिपणीसांनी हमालांना सांगितलं, "उचला रे ते, मागे टाका."

हमाल जागचे हलले नाहीत. "आमी नाय सोडणार, साहेब. आमी इकलं नाय."

"मी सांगतोय ना!"

"तुमी सांगा. दावं मात्र आमच्यानं सुटायचं नाय."

त्या दिवशी इंजिन तिथेच राहिलं. रात्री काकी ओळखीच्यांकडे मुक्कामाला राहिली आणि सकाळी ताजी पेंढी घेऊन पुन्हा हजर. रस्त्यातल्या शेळ्यांनी आधीचं गवत खाल्लं होतं. "खाल्लं बरं का वहिनी," विठू ओरडला, "भूक हाय त्याला!" त्यावर काकीनेही तोंड न उघडता हसून घेतलं.

नेमके त्या दिवशी मुंबईहून कंपनीचे बडे इंजिनिअर डेपो बघायला यायचे होते. टिपणीस घामाघूम झाले होते. ते ओट्यापाशी आले. "बाई, हे बरं नाही. ही काय पद्धत झाली?" काकीने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडासमोर हात धरून नकार दिला. बोलायचं नव्हतं. टिपणीसांचा पारा चढला. ते तरातरा गेले, खाली वाकले आणि स्वतःच्या हातांनी दाव्याची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती. नखं लावून, ओठ चावून त्यांनी ती सोडली आणि दावं रस्त्यात भिरकावलं.

मडकीवाला उठून ओरडला, "सोडलं! साहेबांनी सोडलं!"

टाळ्या, शिट्ट्या, हाकारे. टिपणीसांना काहीच कळेना. विठू दलाल पुढे झाला, त्यांचा हात हातात घेऊन त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "घ्या साहेब. तोंड गोड करा." त्या गोंधळात टिपणीसांनी तो खडा तोंडात टाकलासुद्धा.

इंजिनिअरांची मोटार आली ती याच गर्दीत. टिपणीसांनी त्यांना इंग्रजीत बरंच काही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कोंडाण्याच्या त्या शेतकऱ्याला, जो आज पुन्हा बघायला आला होता, विचारलं की नेमकं काय झालं.

"कबूल केलं तुमच्या माणसानं," तो म्हणाला. "आता बदलून द्या नायतर नीट करून द्या. नायतर या पेठेत तुमचं इंजिन कोण घेतोय?"

आता काकीचं तोंड उघडायला हरकत नव्हती. ती ओट्यावरून उतरली, रस्त्यातलं दावं उचलून खांद्यावर टाकलं आणि समोर आली. इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "बाई, कंपनी मेहेरबानी म्हणून दुरुस्त करून देईल. तुम्ही फक्त लिहून द्या की पट्टी तुमच्याकडून खराब झाली."

"पट्टी आमच्याकडून गेली. ते मी मुंबईलाबी सांगितलंय," काकी म्हणाली. "पण इंजिन पट्टीनं मोडलं का?"

"तसं नाही, पण..."

"मंग पट्टीचं मी आत्ता सगळ्यांसमोर बोलले. मोडण्याचं तुमी बोला. आणि मेहेरबानी घरी न्या. मला नको."

गर्दीतून कुणीतरी "बरोबर!" म्हणालं. इंजिनिअरांनी कोट काढून टिपणीसांच्या हातात दिला आणि इंजिनापाशी उकिडवे बसले. तुटका शाफ्ट त्यांनी बराच वेळ न्याहाळला. त्यांना जे दिसलं असेल ते मला आज ठाऊक आहे. मग ते फ्लायव्हीलच्या मागे वाकले, अंगठ्याने तिथलं काळं तेल पुसलं आणि मोठ्याने आकडे वाचले. एकेक आकडा, सावकाश. टिपणीसांनी खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतले.

काकी बघत राहिली. "हे काय वाचलंत?"

"नंबर."

"तो तिथंबी होता?"

"असतो. प्रत्येक इंजिनाला असतो."

"मंग आमाला सांगितला का नाय?"

इंजिनिअर उठले. रुमालाला हात पुसत म्हणाले, "तशी विचारणा आमच्याकडे आली नाही, बाई."

"विचारायलाच आले होते मी," काकी म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला, असं बाबा सांगतात. "तुमच्या जिन्यावरनं चढून आले होते. तुमच्या खिडक्यांपुढं उभी होते. एकानं तरी उठून सांगायचं! आमच्या वाडीच्या बायका पुन्हा मुसळं धरून बसल्यात, एवढ्या एका वाक्यासाठी. तुमाला इंजिन बनवता येतं. मंग खिडकीतनं मान वर करून बोलायला काय होतं?"

इंजिनिअरांनी रुमालाची घडी करून खिशात घातली आणि एवढंच विचारलं, "काय करायचं म्हणता?"

"इथं ठेवून जाणार नाय मी. तुमी म्हणाला होतात कंपनी दारात येईल. तर या. माझ्या दारात, माझ्या बायांसमोर नीट करा. आणि हा तुटका तुकडा माझ्याकडं राहील."

"तो कंपनीची मालमत्ता..."

"बैल आमी दिला त्याच्यासाठी," काकी म्हणाली. विषय संपला.

इंजिन त्याच गाडीवरून, त्याच गवतासकट, वाडीला परत आलं. आणि त्याच आठवड्यात कंपनीची जीप आमच्या अंगणात उभी राहिली. टिपणीस पुढे बसले होते, मागे नवा शाफ्ट आणि एक मेकॅनिक. काम दिवसभर चाललं. वाडीतल्या बायका कामं टाकून कडेने बसल्या होत्या. काकीने सगळ्यांना तांदळाची भाकरी दिली, टिपणीसांनाही. चटणी मात्र या खेपेला त्यांनी मागितली नाही.

उन्हं कलायच्या सुमारास मेकॅनिकने हँडल फिरवलं. इंजिनाने दोनदा धूर ओकला, मग ठोका पकडला. काकीने आजूबाजूला बघितलं. पाटी घेऊन सगळ्यांत पुढे अंबाबाई उभी होती.

"रॉकेलचा वास येईल हो," काकी म्हणाली.

"येऊंदे," अंबाबाई म्हणाली. "ओत लवकर. दुखतायत माझे खांदे."

जाण्याआधी मेकॅनिकने खिशातून नवी पितळी पट्टी काढली आणि जुनीच्या जागी बसवली. आकडे कोरीव, खोल, स्पष्ट. त्याने त्यावर फडकं फिरवलं. वळून बघतो तर काकी शेंदराची वाटी घेऊन मागे उभी.

"मावशी, नंबरावर नको!" तो कळवळून म्हणाला. "बाजूला लावा ना कुठेही. तुमच्याच सोयीसाठी सांगतोय. पुन्हा काही झालं तर विचारतील."

काकीने वाटीत बोट बुडवलं.

"विचारूंदेत," ती म्हणाली. "तुमचा नंबर तुमी सांभाळा. मागं लिहिलेला हाय, तुमच्या वहीत हाय, आता तुमच्या साहेबांच्या तळहातावर हाय. माझ्या इंजिनाचं कपाळ इथं हाय."

आणि तिने ते बोट पट्टीच्या बरोबर मधोमध दाबून धरलं, आकडे पूर्ण झाकले जाईपर्यंत.